रेझिनचं पाणी दर वेळी धुरकट होतं, बुडबुडे येतात? आधी तळ तपासा

फोम कोरून नदीचं पात्र केलं, काठ चढवले, तळाला वाळू आणि बारीक खडी चिकटवून रंगवली आणि वरून इपॉक्सी रेझिन ओतलं. ओतताना पाणी अगदी नितळ दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढावं तर तळालगत दुधाळ थर, मधे बुडबुड्यांची रांग आणि काठाशी दोन-चार चंदेरी डाग. मग पुढच्या तुकड्याला रेझिनची कंपनी बदलली जाते, जास्त वेळ ढवळलं जातं, वरून हीट गन फिरवली जाते, आणि तरी तेच. वॉरगेमिंगसाठी, म्हणजे टेबलावर छोट्या बाहुल्यांनी खेळायच्या लढायांसाठी, टेरेन (नद्या, टेकड्या, खडक यांचे छोटे देखावे) करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे, आणि तिच्यापायी अनेक जण पाण्याचा नादच सोडून देतात. ते मला फार वाईट वाटतं, कारण टेबलावर नदी, ओढा किंवा डोह असला की खेळाचा नकाशाच बदलतो: पूल महत्त्वाचा होतो, नदी ओलांडायला उतार शोधावा लागतो, काठावरची झुडपं आडोसा होतात.

माझं मत असं आहे. दोष एकदा आला तर तो मिश्रणाचा, मोजमापाचा किंवा त्या दिवशीच्या हवेचा असू शकतो. कंपनी बदलूनही तो परत परत येत असेल तर रेझिनचा विचार बाजूला ठेवा आणि ते ज्यावर ओतलंय तिकडे बघा. तळात हवा राहिलेली आहे किंवा ओल राहिलेली आहे. बऱ्याचदा दोन्ही.

बुडबुडा कुठून येतोय?

सगळे बुडबुडे सारखे नसतात, आणि उपाय करण्याआधी हा फरक ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. ढवळताना शिरलेली हवा पूर्ण थरात बारीक टिंबांसारखी पसरलेली असते. ओतल्यानंतर पहिल्या दहा-वीस मिनिटांत ती बरीचशी वर येते आणि पृष्ठभागावर थोडी ऊब दिली की फुटते. ही हवा त्रासदायक नाही. तिच्यावर उपाय सोपे आहेत: सावकाश ढवळा, काडी द्रवातच ठेवा, उंचावरून बारीक धार सोडा, बाटली गार असेल तर आधी कोमट पाण्यात ठेवून रेझिन पातळ करून घ्या.

तळातून येणारा बुडबुडा वेगळा. खोलीतला दिवा बंद करून पाण्यावर तिरपा टॉर्च मारा आणि पाच मिनिटं एकाच जागी नजर ठेवा. वाळूच्या दोन कणांमधल्या फटीत एक टिंब दिसतं. ते हळूहळू फुगतं, सुटतं, वर येतं आणि फुटतं. थोड्या वेळाने त्याच फटीत दुसरं टिंब तयार असतं. रेझिन दाट होत जातं तसा पुढचा बुडबुडा अर्ध्या वाटेत अडकतो, त्याच्या मागचा आणखी खाली. सकाळी दिसणारी ती उभी रांग हीच. एकाच जागेवरून ओळीने बुडबुडे येत असतील तर तिथे तळ उघडा आहे.

कारण साधं आहे. प्लास्टर, लाकूड, कॉर्क, एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी), वाळू-गोंदाचा थर, हे सगळं सच्छिद्र असतं आणि त्या छिद्रांत हवा भरलेली असते. रेझिन घट्ट होताना उष्णता बाहेर टाकतं. तळ तापतो, आतली हवा प्रसरण पावते आणि तिला बाहेर पडायला रेझिनमधूनच वाट असते. म्हणून अशा वेळी वरून हीट गन फिरवत बसणं उलटं पडतं: वरचे चार बुडबुडे फुटतात आणि तळ आणखी तापून खालून दहा नवे निघतात. शिवाय खाली फोम असेल तर काठ वितळतात ते वेगळंच. फोमच्या तुकड्यावर गॅसची ज्योत तर अजिबात नको.

याच तत्त्वाचा उलटा उपयोग करून घेता येतो, आणि ही युक्ती जितकी वापरली जायला हवी तितकी वापरली जात नाही. रेझिन ओतायच्या आधी तुकडा थोडा उबदार जागी ठेवा किंवा हेअर ड्रायरने हलकेच कोमट करा, आणि तो निवायला लागला की ओता. निवताना छिद्रांतली हवा आक्रसते आणि रेझिनला आत ओढून घेते. त्याच कारणाने दिवसाचं तापमान चढत असताना, म्हणजे सकाळी, ओतण्यापेक्षा ते उतरत असताना, संध्याकाळी, ओतलेलं चांगलं. लाकडावर इपॉक्सीचा पहिला हात देणारे कारागीर हेच पथ्य पाळतात.

कोरडं दिसतं आणि कोरडं असतं

दुधाळ थर हा बहुधा ओलीचा परिणाम असतो. इपॉक्सीचा हार्डनर, म्हणजे रेझिनमध्ये मिसळून ते घट्ट करणारा दुसरा द्रव, अमाइन वर्गातल्या रसायनांचा असतो आणि घट्ट होईपर्यंत त्याला पाण्याचं वावडं असतं. तळातून ओल वर आली की जिथे तिची रेझिनशी गाठ पडते तिथे धुरकटपणा येतो. म्हणूनच तो तळालगत असतो, पृष्ठभागावर नसतो.

प्लास्टरचा हिशेब एकदा करून बघा. 100 ग्रॅम प्लास्टर ऑफ पॅरिसला घट्ट व्हायला रासायनिकदृष्ट्या साधारण 18.6 ग्रॅम पाणी पुरतं. पण तेवढ्याने ते ओतता येत नाही, म्हणून आपण 60-70 ग्रॅम घालतो. म्हणजे खडक अर्ध्या तासात कडक झाला, साच्यातून निघाला, रंगही बसला, तरी त्याच्या पोटात 40-50 ग्रॅम पाणी नुसतं अडकून आहे. ते हवेत उडून जायला दिवस लागतात, आणि वरून रंगाचा थर दिलात तर त्याची वाटही बंद होते.

बोटाला कोरडं लागतंय यावर विसंबू नका. मनगटाच्या आतल्या बाजूने प्लास्टरला स्पर्श करा. खोलीतल्या इतर वस्तूंपेक्षा ते गार लागत असेल तर अजून बाष्पीभवन चालू आहे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे वजनकाटा. तुकडा संध्याकाळी वजन करा, आकडा मागच्या बाजूला पेन्सिलने लिहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. आकडा उतरत असेल तोपर्यंत थांबा. लागोपाठ दोन दिवस तोच राहिला की तुकडा तयार. यात कौशल्य काही नाही, फक्त धीर लागतो, आणि एवढ्या एका सवयीने निम्मे तुकडे वाचतात.

पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, याची गोष्टही तीच. वाळू आणि गोंदाचा जाड थर वरून सुकून कडक होतो आणि त्या कवचाखाली गोंद दिवसेंदिवस ओला राहतो. खडीच्या एखाद्या मोठ्या दाण्याला टाचणीने हलवून बघा. खाली पांढरी रेघ दिसली तर थांबायचं. गोंद पूर्ण सुकून पारदर्शक झाला तरी तो पुन्हा ओल धरू शकतो आणि पुन्हा पांढुरका होतो, त्यामुळे त्याला शेवटचा सीलर समजणं चूक. पाणी घालून पातळ केलेला पीव्हीए दोन-तीन वेळा फिरवून "सील केलं" म्हणणारे बरेच असतात. त्याने वाळू पक्की होते, छिद्रं पूर्ण बंद होत नाहीत.

सील करणं

चाचणी एका थेंबाची. रंगवून सुकलेल्या पात्रात जागोजागी पाण्याचा एकेक थेंब ठेवा. थेंब तसाच उभा राहिला तर जागा बंद आहे. तो पसरून खालचा रंग गडद झाला तर तिथून बुडबुडा येणार, हे ठरलेलं. थेंब लगेच टिपून घ्या आणि ती जागा नीट सुकू द्या.

सीलरसाठी ग्लॉस अ‍ॅक्रिलिक वार्निशचे दोन पातळ हात मला पुरेसे वाटतात, पहिला आडवा आणि दुसरा उभा, मधे पूर्ण सुकायला वेळ देऊन. ग्लॉस एवढ्यासाठी की चमक कुठे नाही ते तिरप्या उजेडात लगेच दिसतं, आणि जिथे चमक नाही तिथे वार्निश शोषलं गेलेलं असतं. रेझिन आल्यावर चमक-मॅट हा प्रश्न उरतच नाही. फोमवर स्प्रेचा डबा वापरू नका. बहुतेक स्प्रेमधला सॉल्व्हंट (रंग विरघळवणारा द्रव) पॉलिस्टायरीन, म्हणजे हा फोमच, खातो, आणि रंगाच्या थरात कुठे उघडी फट असेल तिथून तो आत शिरतो.

तळ फारच खडबडीत असेल तर मात्र वार्निशवर न थांबता त्याच रेझिनचा एक अगदी पातळ हात जुन्या ब्रशने लावा. वाळूच्या फटींत ब्रश टोचत जा, नुसता ओढू नका. चंदेरी डागांवरचा खरा उपाय हाच आहे. ते डाग म्हणजे रेझिन आणि तळ यांच्यामध्ये राहिलेली हवेची पातळ पापुद्री. उजेड तिच्यावरून परावर्तित होतो आणि ती जागा पाऱ्यासारखी चमकते. ओतलेलं रेझिन खडीवरून सरकत जातं आणि दाण्यांखालची हवा तशीच झाकते. ब्रशने टोचलेलं रेझिन तिथे पोचतं. हा हात पूर्ण घट्ट व्हायच्या आधी, बोटाला चिकटतोय पण बोटावर येत नाही अशा अवस्थेत, मुख्य थर ओतला तर दोघांची पकड उत्तम बसते. ती वेळ टळली तर पूर्ण घट्ट होऊ द्या आणि पॉलिश पेपर हलका फिरवून मग ओता.

लव्हाळ्यांचे गुच्छ, स्टॅटिक ग्रास (बारीक धाग्यांचं नकली गवत), स्पंजची झुडपं ही हवेची कोठारं असतात. शक्य तेवढी हिरवाई पाणी झाल्यावर लावा. पाण्यातून वर आलेला लव्हाळा हवाच असेल तर रेझिन घट्ट झाल्यावर तिथे बारीक छिद्र पाडून बसवा. त्याने आणखी एक दुखणं टळतं: रेझिन गवताच्या काड्यांवरून चढत जातं आणि काठावरचं गवत ओलं, काळपट, चमकदार दिसायला लागतं. ते झालंच असेल तर मॅट वार्निशचा हात द्या आणि वरून जवळजवळ कोरड्या ब्रशने थोडा फिकट रंग फिरवा.

बिघडलेल्या तुकड्याचं काय?

तळातला दुधाळपणा बाहेरून घालवता येत नाही. पण तो तुकडा फेकायचीही गरज नाही. बहुतेक नद्या नितळ नसतातच. पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरवडा, वर पातळ केलेला गढूळ हिरवा-तपकिरी रंग द्या, मधे गडद आणि काठाकडे फिकट, आणि त्यावर ग्लॉस वार्निश किंवा 1-2 मिलिमीटर रेझिनचा नवा थर. पुराचं पाणी म्हणून तो तुकडा टेबलावर सुरेख दिसतो. पृष्ठभागावर फुटलेल्या बुडबुड्यांची छिद्रं असतील तर टाचणीने साफ करून त्यात रेझिनचा थेंब सोडा, किंवा सगळ्यावर ग्लॉस जेल मीडियम (दाट, पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लेप) थोपटून लाटा उठवा. लाटांखाली पुष्कळ काही झाकलं जातं. आत अडकलेले बुडबुडे धबधब्याच्या पायथ्याशी किंवा धोंड्याच्या मागे असतील तर त्यांना हातच लावू नका. वर थोडा पांढरा फेस दिला की ते तिथलेच वाटतात.

दोष खरंच रेझिनचा असतो तेव्हा

ठरलेला वेळ उलटून गेला तरी पाणी चिकट असेल तर तळाला दोष देऊ नका. आधी कोमट साबणाच्या पाण्याने एक कोपरा पुसा. चिकटपणा गेला आणि खाली कडक लागलं तर तो अमाइनचा तेलकट थर होता. थंड, दमट हवेत हार्डनर हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि बाष्पाशी संयोग पावतो, त्यातून तो येतो. सगळं धुऊन घ्या, सुकवा, काम झालं. पुसूनही चिकटपणा राहिला तर प्रमाण चुकलंय किंवा नीट ढवळलेलं नाही.

प्रमाणाची चूक बहुतेक वेळा दोन ठिकाणी होते. पहिली, आकारमान आणि वजन यांची गल्लत. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे बाटलीवर आकारमानाने 2:1 लिहिलं असेल तर वजनाने ते 2:1 होत नाही, हार्डनर त्याहून कमी लागतो. वजनाचं प्रमाण वेगळं दिलेलं असेल तरच काटा वापरा. दुसरी चूक छोट्या मिश्रणाची, आणि आपलं काम छोट्या तुकड्यांचं असल्याने ती आपल्याला जास्त नडते. वजनाने 2:1 असलेलं 10 ग्रॅम मिश्रण करायचं तर हार्डनर 3.3 ग्रॅम हवा. एक-एक ग्रॅमने पुढे सरकणारा काटा 2.6 लाही 3 दाखवतो आणि 3.4 लाही 3 च. तेवढ्या फरकाने पाणी कायमचं मऊ राहू शकतं. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, किंवा दोन-तीन तुकडे एकदम तयार ठेवून मोठं मिश्रण करा.

ढवळताना कपाच्या कडेला आणि बुडाला चिकटलेलं रेझिन तसंच राहतं. तीन-चार मिनिटं ढवळून झालं की सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओता आणि पुन्हा ढवळा. पहिला कप तुकड्यावर खरवडून काढू नका. पाण्यात एखादाच मऊ, चिकट पट्टा राहतो तो त्याच खरवडीचा असतो. मऊ राहिलेल्या जागेवर नुसता हार्डनर चोळून काही होत नाही. ओलसर भाग खरवडून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवीन थर द्या.

रंग जास्त पडला तरी घोटाळा होतो. अ‍ॅक्रिलिक रंगात पाणी असतं, त्यामुळे टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच घ्या. यूव्ही रेझिनमध्ये, म्हणजे अतिनील उजेडाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, तर आणखी सांभाळा: उजेड रंगातून खाली पोचत नाही आणि वर कडक, आत ओलं असं राहतं. तिथे एक-दोन मिलिमीटरचे थर आणि प्रत्येक थराला पुरेसा उजेड.

जाडीचा मोह आवरा

सर्वसाधारण कोटिंग रेझिन एका वेळी 3 ते 6 मिलिमीटरच ओतायचं असतं. जाड थरासाठी वेगळं, सावकाश घट्ट होणारं रेझिन येतं. हा नियम फोमवर आणखी कडक पाळावा, कारण फोम उष्णता धरून ठेवतो. लाकडावर जो थर निभावला तोच फोमवर पिवळा पडतो, तडकतो, किंवा खालचा फोम आक्रसून पात्रात खड्डा पडतो. 28 मिमी उंचीच्या मिनिएचरसाठी (खेळातल्या बाहुल्यांसाठी) मला तर 2-3 मिलिमीटर पाणी भरपूर वाटतं. खोली रंगाने दाखवायची: मधे जवळजवळ काळपट हिरवा, काठाकडे हळूहळू वाळूच्या रंगाकडे. चांगल्या रंगवलेल्या पात्रावरचं 2 मिलिमीटर रेझिन वाईट रंगवलेल्या पात्रावरच्या 10 मिलिमीटरपेक्षा खोल दिसतं.

एकाच बाटलीतून येणारं अ‍ॅक्रिलिक पाणी वापरत असाल तर मात्र वरचा बराचसा हिशेब बदलतो. ते रासायनिक क्रियेने नाही, पाणी उडून घट्ट होतं. पांढरं दिसतंय याचा अर्थ अजून ओलं आहे. जाड थर दिला तर वर साय धरते आणि आतलं पाणी कोंडतं, मग महिनाभर थांबलात तरी पांढुरकेपणा जात नाही. एका वेळी 3 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि सुकताना ते आक्रसतं हे धरून काठाशी पुन्हा भरावं लागतं.

गळती आणि जोडतुकडे

नदीचे तुकडे एकमेकांना जोडायचे असतील तर टोकांना बांध घालावा लागतो. अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीला पॅकिंग टेप लावून ती टोकाला घट्ट बसवा. टेपला रेझिन धरत नाही. बांध आणि तुकडा यांच्यातली फट ओतण्याच्या आधल्या दिवशीच सिलिकॉनने बंद करा. रेझिन पाण्यापेक्षा दाट असलं तरी तासन्‌तास द्रव राहतं, केसाएवढ्या भेगेतूनही रात्रीत अर्धा डोह रिकामा होतो. बांधाला लागून रेझिन किंचित चढतं आणि घट्ट झाल्यावर तिथे धारदार कड राहते. ती पॉलिश पेपरने उतरवा, नाहीतर दोन तुकडे जोडले की पाण्यात पायरी दिसते. आणि स्पिरिट लेव्हल ठेवल्याशिवाय ओतू नका.

नायट्राइल हातमोजे, उघडी खिडकी, घासताना मास्क. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, त्यामुळे यात सूट नाही. उरलेलं रेझिन मोरीत ओतू नका, कपातच घट्ट होऊ द्या.

तयार तुकड्यावर मिनिएचरच्या बेसचे, म्हणजे पायाखालच्या चकतीचे, ठसे उमटतात अशीही तक्रार असते. बोटाला कडक लागलं तरी रेझिन पूर्ण पक्कं व्हायला बहुधा आठवडा जातो. त्याआधी खेळायला घेऊ नका. नंतरही उन्हात तापणाऱ्या गाडीत किंवा माळ्यावर तुकडे ठेवू नका, कारण छंदासाठी मिळणारी बरीच रेझिन 50-60 अंशांच्या आसपास पुन्हा मऊ पडतात. तुकडे एकावर एक रचताना मधे बेकिंग पेपर घाला. बबल रॅप नको, त्याची नक्षी पाण्यावर उठते.